गाडी गेली, वाट राहू दे

रेल्वे बंद पडली की आपण दोनच गोष्टी करतो. हळहळतो, नाहीतर विसरतो. शेवटच्या दिवशी इंजिनाला हार घालतात, लोक दाराला लटकून व्हिडिओ काढतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो आणि मग त्या जागेत पुढची वीस वर्षं बोरी-बाभळी वाढतात. ती जागा कुणाच्या तरी कामाची असेल, हा विचार आपल्याला सुचतच नाही. मला तो सुचला, पण त्याचं श्रेय माझं नाही. ते देवासच्या मामांचं, त्यांच्या दोन जुन्या सायकलींचं आणि धारच्या आत्याच्या एका टोमण्याचं आहे. टोमण्याबद्दल पुढे लिहितेच.

आधी थोडा भूगोल, कारण मुंबईच्या वर्गात ‘माझं आजोळ देवास’ म्हटलं की निम्मे जण विचारतात, “म्हणजे नाशिकजवळ?” नाही हो. देवास, धार, इंदूर हा सगळा माळवा. पवारांची धार, पवारांच्याच थोरल्या आणि धाकट्या पातीचं देवास आणि मधोमध होळकरांचं इंदूर. तिथली मराठी माणसं पिढ्यानपिढ्या तिथलीच आहेत. मराठीत हिंदी आणि हिंदीत माळवी मिसळून ती इतकं गोड बोलतात की माझ्या पुणेरी मैत्रिणीला व्याकरणाचा त्रास होतो. हे देवास ते, जिथे कुमार गंधर्व राहिले आणि जिथे ई. एम. फॉर्स्टर 1921 मध्ये महाराजांचा खासगी सचिव होता. रेल्वेच्या बाबतीत मात्र देवास आणि धार यांचं नशीब अगदी वेगळं. देवासला कधीपासून गाडी आहे, आणि धारला, म्हणजे राजा भोजाच्या धारला, हे लिहीपर्यंत एकही नाही. इंदूर-दाहोद मार्गाची पायाभरणी 2008 साली झाली, धार त्या मार्गावर आहे आणि धारकर अजून वाट बघतायत.

आमच्या घरातली रेल्वे म्हणजे मीटरगेज. आजीचं माहेर अकोल्याचं. ती लग्न होऊन माळव्यात आली ती याच लाइनने. अकोला, अकोट, धूळघाट, खंडवा, मग नर्मदा ओलांडून घाट चढून महू आणि इंदूर. मीनाक्षी एक्स्प्रेस हे नाव आजी एखाद्या नात्यातल्या बाईचं घ्यावं तसं घेते. “मीनाक्षीनं आलो, मीनाक्षी लेट झाली.” वऱ्हाड आणि माळवा यांच्यातली ही दोरी होती. लोणची, पापड, नवऱ्या आणि कागाळ्या सगळं हिच्यावरून गेलं.

दोरीचा घाटातला भाग होळकरांच्या पैशाने वळलेला आहे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजाने, 101 वर्षांच्या मुदतीने, आणि 1870 च्या दशकात खंडवा ते इंदूर ही ‘होळकर स्टेट रेल्वे’ उभी राहिली. एक संस्थानिक इंग्रजांना कर्ज देतो, आणि तेही त्याच्या हयातीत फिटणार नाही इतक्या लांबच्या मुदतीचं! या एका वाक्यावर कुणीतरी नाटक लिहायला हवं.

ब्रॉडगेजचं काम सुरू झालं आणि दोरी तुकड्यातुकड्यांनी तुटली. मेळघाटातला अकोट ते आमलाखुर्द पट्टा 2017 च्या सुरुवातीला बंद झाला. महू ते ओंकारेश्वर रोडची मीटरगेज 2023 च्या फेब्रुवारीत थांबली. नवी लाइन जुन्या घाटातून जात नाही, तिला चढ सौम्य लागतो म्हणून ती लांबून वळसा घेते. जुन्या घाटातला पातालपानी ते कालाकुंड हा साडेनऊ किलोमीटरचा तुकडा तेवढा पर्यटनाची गाडी म्हणून वाचला. चार बोगदे, खाली दरी, पावसाळ्यात धबधबा. 2018 च्या डिसेंबरात ही हेरिटेज ट्रेन सुरू झाली. ती कालाकुंडला थांबते आणि तिथूनच परत फिरते. कालाकुंडहून पुढे, खाली चोरलकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर आता कुठली गाडी नाही. माझं म्हणणं त्या छोट्याशा पट्ट्याबद्दल आहे.

तिथून सायकलचा रस्ता काढावा. साधा, मुरुमाचा, सायकल आणि पायी चालणाऱ्यांसाठी. मोटारसायकलला बंदी.

कल्पना माझी नाही, जुनीच आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा ही लाइन 1960 च्या दशकात बंद पडली आणि त्याच दशकात तिची सायकल-वाट झाली. तीन बोगदे आहेत तिच्यावर. सगळ्यात मोठा एक किलोमीटरहून लांब आहे आणि 1873 चा आहे, म्हणजे आपल्या होळकर रेल्वेचा समवयस्क. न्यूझीलंडच्या ओटागो प्रांतात 1990 साली लाइन बंद झाली. रूळ काढले, खडी दाबली, पुलांवर फळ्या आणि कठडे बसवले आणि 2000 मध्ये 152 किलोमीटरची वाट खुली झाली. सुरुवातीला आजूबाजूच्या शेतकऱ्यांना हे पटलेलं नव्हतं. पुढे त्या वाटेवरच्या ओस पडत चाललेल्या गावांत खानावळी, खोल्या, सायकलदुरुस्तीची दुकानं उभी राहिली. स्पेनमध्ये अशा वाटांना ‘हिरव्या वाटा’ म्हणतात.

रेल्वेची वाट सायकलला का आवडते, याचं कारण सोपं आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर चढ चढू शकत नाही, घसरतं. म्हणून इंजिनीअर डोंगर कोरतात, भराव टाकतात, दरीवर पूल बांधतात, लांबून वळण घेतात, पण चढ वाढू देत नाहीत. या घाटातला सगळ्यात कठीण चढ 40 ला 1 आहे, म्हणजे चाळीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. बोरघाटात 37 ला 1 आहे, म्हणजे जवळपास तेवढाच. रेल्वेच्या हिशेबात हा भयंकर चढ आहे. कालाकुंडला गाडीच्या मागे जादा इंजिन लावल्याशिवाय ती पातालपानीला चढत नसे. सायकलच्या हिशेबात मात्र तो दहावीतल्या पोरीला गिअर नसलेल्या सायकलवर, दप्तर पाठीला लावून, फार तर दोनदा थांबून चढता येईल असा चढ आहे. दीडशे वर्षांपूर्वी मजुरांनी सुरुंग आणि पहारींनी जो सपाटपणा कमावला, तो आज नव्याने करायचा म्हटला तर कुठल्याही सरकारला परवडायचा नाही. तो तिथे आयता पडलाय.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे 2024 मध्ये, मामा आणि मी तिकडे गेलो. छोटा हत्तीच्या मागे दोन्ही सायकली बांधून सिमरोलपर्यंत, आणि पुढे सायकलवर. खंडवा रोडच्या घाटातली उतरंड मी पुन्हा कधीही सायकलवर उतरणार नाही. मागून ट्रक, पुढून बस, डाव्या हाताला खड्डा आणि मामा ओरडतायत, “बाळा, ब्रेक दाबून ठेव, दाबून ठेव!” निसर्ग सुंदर असेलही, मी फक्त मामांच्या सायकलचं मागचं चाक पाहिलं.

चोरलला हमरस्ता सोडून आत वळलो आणि एकदम आवाज बंद. नदीच्या कडेने गावरस्ता, सागाची पानं अजून हिरवी, कुठेकुठे सीताफळं. आणि बाजूला कधी वर, कधी खाली, जुन्या लाइनची ती ओळखू येणारी रेघ. डोंगरात सरळ आडवी रेघ निसर्ग काढत नाही. आमचा गावरस्ता सारखा वर-खाली, दगड-धोंडे, ओढ्यात उतरा, सायकल उचला, पुन्हा चढा. आणि रेल्वेची वाट शेजारी शांतपणे एका पातळीत. मामा धापा टाकत म्हणाले, “ती बघ, तिथून गेलो असतो नं, तर आत्तापर्यंत चहा पिऊन राहिलो असतो.”

तिथून गेलो नाही, कारण जाता येत नाही. रेल्वे कायदा 1989, कलम 147. रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरलं तर सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. गाडी धावत असताना हा नियम जीव वाचवतो. जिथे गाडीच येणार नाही तिथे तो कुणाला वाचवतो, हे मला कळत नाही. आणि लाइनच्या कडेने चालत जाणारी माणसं आम्हाला दिसलीच. डोक्यावर मोळी घेतलेल्या दोन बायका आणि सायकल हातात धरून ढकलत नेणारी एक मुलगी. सहावीत किंवा नववीत परगावच्या सरकारी शाळेत जाणाऱ्या मुलांना मध्य प्रदेश सरकार फुकट सायकल देतं, तशीच ती सायकल असावी. चांगली योजना आहे. पण सायकल दिली आणि ती चालवायला वाट दिली नाही, म्हणजे ताट वाढलं आणि हात बांधले. पोरगी सायकल चालवत नव्हती, सायकलच तिच्या जिवावर चालली होती.

कालाकुंडला पोहोचलो तेव्हा स्टेशन अगदी चित्रातल्यासारखं, आणि रिकामं. हे स्टेशन त्याच्या कलाकंदासाठी प्रसिद्ध. पळसाच्या पानात मिळतो. हा पदार्थ इथेच का, तर त्या जादा इंजिनामुळे. मागे इंजिन लावायला गाडी थांबायची, थांबली की लोक उतरायचे, उतरले की खायचे. चाळीसला एक या चढाने एका गावाला मिठाईचा धंदा दिला. विकणाऱ्या काकांना मी विचारलं, आता कसं चालतं? ते म्हणाले, “सनीचर-इतवार को चलता है। बाकी दिन दूध का क्या करें?” हेरिटेज ट्रेन शनिवार-रविवारची. म्हशीला ते ठाऊक नाही.

मला खरी चीड इथे आली. लाइन बंद झाल्याचं दुःख आमच्यासारख्यांना, आजीच्या आठवणीपुरतं. खंडव्याला जायला आम्हाला बस आहे, मोटार आहे. ज्यांची रोजची पॅसेंजर गेली त्यांना ना बस, ना मोटार, ना धड रस्ता. आपल्या लेखांत, व्लॉगमध्ये, ‘हेरिटेज’ या शब्दात ही माणसं कुठे असतात? काचेच्या मोठ्या खिडकीच्या पलीकडे, हात हलवताना.

म्हणून सायकलची वाट करा म्हणताना मला भीतीही वाटते. ही वाट कशी केली जाईल ते मला डोळ्यांसमोर दिसतं. आधी कमान. कमानीवर नेत्यांचे फोटो. मग तिकीटखिडकी, भाड्याच्या रंगीत सायकली, तासाला अमुक रुपये, सेल्फी पॉइंट, शेवटी एक रिसॉर्ट. मोळीवाल्या बाईला कमानीपाशी शिपाई अडवणार, कारण तिच्याजवळ तिकीट नाही. आत्तापर्यंत ती रेल्वेच्या कायद्याने घुसखोर होती, उद्या पर्यटनाच्या कायद्याने होईल. असंच होणार असेल तर मी म्हणेन, राहू द्या, बोरी-बाभळीच बऱ्या.

सायकल ट्रॅक या शब्दाला आपण मुंबईकर तर चांगलेच सरावलेले आहोत. पवई तलावाच्या काठाने महापालिकेने असाच एक ट्रॅक करायला घेतला होता. आयआयटीतल्या संशोधक विद्यार्थ्यांनी याचिका केली आणि 2022 च्या मे महिन्यात उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवून काढून टाकायला सांगितलं. योग्यच केलं. सायकल चांगली म्हणून सायकलच्या नावावर केलेलं सगळंच चांगलं ठरत नाही. तलावात भर घालून केलेली वाट आणि दीडशे वर्षं आधीच तयार असलेली वाट, यांत फरक आहे. तसंच मेळघाटचं. तिथून जुनी लाइन सुमारे 40 किलोमीटर वाघाच्या राज्यातून जाते. ब्रॉडगेज तिथून नको, बाहेरून न्या, म्हणून लोक भांडले. त्या लाइनवर सायकलवाट करा असं मी कधीच म्हणणार नाही. धूळघाटचा तो प्रसिद्ध आकडा, जिथे लाइन वळसा घालून स्वतःच्याच वर चढते, तो बघायची मला फार इच्छा आहे, पण तो वाघाला राहू दे. तिथे लाइन बंद पडणं हाच उत्तम उपयोग.

आता आत्याचा टोमणा. कालाकुंडहून परतल्यावर भाऊबीजेनंतर धारला गेलो. मी उत्साहाने सगळं सांगितलं, ओटागो, विस्कॉन्सिन, फोटो. आत्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “छान आहे हो. आमच्याकडे आगगाडी यायची आहे अजून, आणि तू ती गेल्यानंतरचं बोलून राहिलीस. आधी येऊ तर दे.”

यावर मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. आत्याच्या पाठीच्या दुखण्याला दर महिन्याला इंदूरला बसने जावं लागतं. तिच्या दृष्टीने रेल्वे म्हणजे आडवं पडून जाता येईल अशी गोष्ट. तिच्यासमोर सायकलच्या मौजेची भाषा तोकडी पडते हे खरंय. पण नंतर विचार केला तेव्हा वाटलं, आत्या आणि कालाकुंडची ती मुलगी एकच गोष्ट मागतायत. जायला वाट. एकीची यायची आहे, एकीची गेली. धारला गाडी द्यायला बोगदे खणावे लागतात, जमीन घ्यावी लागते, वर्षं लागतात. कालाकुंडच्या मुलीला वाट द्यायला काय लागतं? वाट तिथे आहे. एक निर्णय लागतो, मुरूम लागतो, मोऱ्यांवर आणि पुलांवर कठडे लागतात.

आणि रेल्वेला काही गमवावंही लागत नाही. अमेरिकेने 1983 साली कायद्यातच सोय केली. बंद लाइनची वाट सलग ठेवायची, तुकडे करून विकायची नाही, तोवर तिच्यावर लोकांना चालू द्यायचं, सायकल चालवू द्यायची, आणि उद्या पुन्हा गाडी हवी झाली तर ती वाट रेल्वेची म्हणून तयार. आपल्याकडे उलट होतं. वाट नुसती पडून राहते, कडेने कुणी कुंपण सरकवतो, कुणी मुरूम उचलून नेतो, पावसाळ्यात भराव खचतो. वापरात असलेल्या वाटेवर कुणाची कुंपण सरकवायची हिंमत होत नाही, कारण रोज जाणाऱ्या माणसाला ते लगेच दिसतं.

पर्यटक येऊ नयेत असं माझं म्हणणं नाही. यावेत. इंदूरचे रविवारचे सायकलवाले, हेल्मेटवाले, घट्ट कपड्यांतले, त्यांनी जरूर यावं. हेरिटेज ट्रेनने सायकल घेऊन कालाकुंडला उतरावं, दोन पानं कलाकंद खावा आणि उताराने चोरलला जावं. गाडीत सायकलींसाठी एक डबा ठेवला तर काकांचं दूध बुधवारीही खपेल, कारण सायकलवाला रविवारचीच वाट बघत नाही. पातालपानीच्या टंट्या मामाच्या देवळातही थांबावं. 1889 मध्ये जबलपूरला इंग्रजांनी फाशी दिलेल्या या भिल्ल वीराचा देह या लाइनजवळ आणून टाकला असं सांगतात, आणि तिथून जाणारी प्रत्येक गाडी क्षणभर थांबून मगच पुढे जायची. एवढा मान ज्या लाइनने दिला, तिने त्याच्या भावकीला चालायला मनाई करावी, हे बरं दिसत नाही.

माझी अट एकच आहे आणि ती मी मामांच्या अर्जातही घालायला लावली. हो, मामांनी अर्ज लिहिलाय. निवृत्त माणसाला असा विषय मिळाला की विचारू नका. चार पानी, सुवाच्य, तीन कार्यालयांना प्रती. त्यात त्यांनी ‘पर्यटन विकास’ असा मथळा दिला होता. मी तो खोडून ‘शाळेची वाट’ लिहिलं. मामा जरा नाराज झाले, त्यांच्या मते पर्यटन म्हटल्याशिवाय फाइल हलत नाही. बराच वाद झाला. आजी मध्ये पडली आणि म्हणाली, दोन्ही लिहा, पण शाळा आधी लिहा.

आता अर्जाच्या पहिल्या पानावर शाळा आहे आणि पर्यटन तिसऱ्या पानावर. वाटेला फाटक नको, तिकीट नको, गावच्या माणसाला कुठल्याही वेळी जाता यावं, हे दुसऱ्या पानावर मामांनी अधोरेखित केलंय. पोचपावती एका कार्यालयाची आली आहे.